लग्नाच्या रिटर्न गिफ्टला घरचा सुगंध: वाळ्याच्या पोटल्या

न्यू जर्सीहून एका ताईंनी विचारलंय, मुलीचं लग्न सप्टेंबरमध्ये आहे, दीडशेच्या आसपास पाहुणे, निम्मे आपले आणि निम्मे जावयाच्या बाजूचे अमेरिकन, रिटर्न गिफ्ट म्हणून घरी बनवलेलं काहीतरी सुगंधी द्यायचंय, सेंटेड कँडल करू का?

ताई, कल्पना फार छान आहे, पण माझं मत विचाराल तर कँडल नको. एक तर काचेच्या बरणीतल्या दीडशे कँडल म्हणजे वजनच वजन, त्यात सोयाबीनचं मेण (सोय वॅक्स) नीट वितळवून त्यात साधारण ६ ते १० टक्के सुगंधी तेल मोजून घालायचं, वात बरोबर जाडीची लागते, ओतल्यावर आठ-पंधरा दिवस तशीच मुरू द्यायची, आणि एवढं करूनही बऱ्याच हॉलमध्ये उघडी ज्योत चालत नाही. शिवाय व्हॅनिलाची कँडल पाहुण्यांना कुठल्याही दुकानात मिळते हो.

आपल्याकडे लग्नात दारातच मनगटाला अत्तर लावायचे, गुलाबदाणीतून गुलाबपाणी शिंपडायचे, म्हणजे सुगंध हा आपल्या स्वागताचाच भाग आहे. म्हणून वाळ्याच्या, म्हणजे खसच्या सुगंधी मुळांच्या, पोटल्या करा. कपड्यांच्या कपाटात, पर्समध्ये, गाडीत कुठेही ठेवता येतात, हलक्या असतात, फुटत नाहीत, आणि वाळ्याचा वास ज्याने आधी कधी घेतला नाही त्यालाही आवडतो, ओल्या मातीच्या जवळचा, गोडसर नाही, डोकं न दुखवणारा.

माणशी एक नको, कुटुंबामागे एक धरा, म्हणजे ७०-८० पुरतील. एका पोटलीत २५ ग्रॅम धरलं तर सगळं मिळून दोन किलोच माल लागतो. त्यात निम्मा वाळा, मुळं कात्रीने बोटाच्या पेराएवढी कापून, बाकी निम्म्यात नागरमोथा, कपूरकाचरी (दोन्ही उटण्यात घालतात ते सुगंधी कंद), सुक्या गुलाबाच्या पाकळ्या, घरीच वाळवलेली संत्र्याची साल आणि थोड्या लवंगा. नागरमोथा आणि कपूरकाचरी अख्खी किंवा जाडसर कुटलेलीच घ्या, पावडर नको, पावडर कापडातून झिरपते आणि मग कुणाच्या तरी पैठणीवर डाग पडतो. चंदन पावडर महाग आणि पुष्कळदा भेसळीची, मी तर सरळ वगळेन. वास कमी वाटला तर किलोला एखादा चमचा खसचं अत्तर, कापसाच्या बोळ्यांवर घेऊन ते बोळे मिश्रणात मिसळायचे, थेट ओतायचं नाही.

सगळं खडखडीत वाळलेलं हवं हे मात्र अगदी मनावर घ्या, जरा ओल राहिली तर बुरशी येते आणि सगळी मेहनत वाया. मग घट्ट झाकणाच्या डब्यात तीन-चार आठवडे ठेवा, मधूनमधून हलवा, वेगवेगळे वास एकमेकांत मिसळून एकच होतो तेव्हा भरायला घ्या. आतून मलमलची छोटी पिशवी आणि बाहेरून खण किंवा आजीच्या जुन्या इरकलीचा तुकडा. कापड तेवढं इंडियाहून मागवा.

मुळं आणि फुलं मात्र शक्यतो तिथेच विकत घ्या, इंडियन ग्रोसरीत किंवा आयुर्वेदिक सामान विकणाऱ्यांकडे चौकशी करा. बॅगेतून आणायचीच झाली तर अमेरिकेतही डिक्लेअर करावी लागतात, आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये राहणाऱ्यांनी तर सुकी मुळं, बिया, फुलं न सांगता अजिबात नेऊ नयेत, माल तर जातोच आणि वर जबर दंड बसतो. आईने प्रेमाने बांधून दिलं असलं तरी डिक्लेअर करायचंच.

आता कापूर. पुष्कळ जणी हौसेने पोटलीत कापराची वडी टाकतात, कृपा करून टाकू नका. लहान मुलांनी कापूर खाल्ला तर थोडासाही विषारी ठरू शकतो, झटके येऊ शकतात, आणि ती पांढरी वडी दिसते अगदी गोळीसारखी. लग्नात रांगणारी पोरं असणार, पोटल्या टेबलावर त्यांच्या हाताशी असणार. कुत्री-मांजरं पाळणारे पाहुणेही असतील, त्यामुळे टी ट्री, निलगिरी वगैरे तेलंही नकोत.

उटणं का नाही असंही काही जणींनी मागे विचारलं होतं. उटणं मला स्वतःला अतिशय प्रिय आहे, पण ते अंगाला लागतं, कुणाला कशाची अ‍ॅलर्जी असेल ते आपल्याला ठाऊक नसतं, म्हणून ते आपल्या घरच्या जवळच्या माणसांनाच द्यावं.

प्रत्येक पोटलीला छोटी चिठ्ठी बांधा, एका बाजूला मराठीत आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजीत, आत काय काय आहे त्याची पूर्ण नावं, खायचं नाही आणि मुलांपासून लांब ठेवायचं हे स्पष्ट, आणि वास मंदावला की पोटली हाताने चुरा हेही लिहा. माठात वाळा टाकायची आपली सवय आहे, तर ही पोटली पाण्यात टाकू नका हे आपल्याकडच्या पाहुण्यांना आवर्जून सांगा, कारण यात अत्तर असेल.

भरायचं काम एकट्या अंगावर घेऊ नका. एखाद्या शनिवारी मैत्रिणींना, व्याह्यांकडच्या बायकांना घरी बोलवा, चहा-पोहे करा, दोन-तीन तासांत सगळं उरकतं आणि लग्नाआधी दोन्हीकडच्यांची ओळख होते. दमा असलेल्यांना मात्र त्या दिवशी खिडकीजवळ बसवा, किंवा त्यांच्याकडे फक्त चिठ्ठ्या लिहायचं काम द्या.