बँकेत पार्ट-टाइम झाडलोट करणाऱ्या आईला युनियनच्या करारातलं नेमकं काय मिळतं?

तुमचा प्रश्न असा : आई 2012 पासून एका सरकारी बँकेच्या शाखेत झाडलोट करतात, आठवड्याला दहा-बारा तास. करारात 17 टक्के वाढ झाल्याचं पेपरात वाचलं, मग शाखेतल्या शिपायाच्या मानाने आईच्या हातात इतकं कमी का? आणि पेन्शनचं काय?

मी बँकेत कारकून होतो, चौतीस वर्षं. त्यातली निम्मी युनियनचा शाखा प्रतिनिधी म्हणून गेली. त्यामुळे पगाराचं हे कोष्टक तोंडपाठ आहे.

आधी आईंची पगाराची स्लिप बघा. बेसिक (मूळ पगार), डीए (महागाई भत्ता), घरभाडे असे वेगवेगळे रकाने असतील तर त्या स्केलवर, म्हणजे ठरलेल्या वेतनश्रेणीवर आहेत आणि करार त्यांना लागू आहे. व्हाउचरवर सही घेऊन एकच ठोक रक्कम देत असतील, किंवा पगार कंत्राटदाराकडून येत असेल, तर पुढचं बरंचसं त्यांना लागू नाही. कंत्राटदाराकडून किमान वेतन, पीएफ मागता येतं, पण हा करार, ज्याला बँकेत बायपार्टाइट म्हणतात, तो नाही. आज बहुतेक शाखांमध्ये झाडणारी बाई कंत्राटदाराचीच असते, म्हणून हे आधी सांगितलं.

बायपार्टाइट म्हणजे बँकांची संघटना आयबीए आणि कर्मचारी संघटना यांच्यातला द्विपक्षीय करार. पहिला ऑक्टोबर 1966 मध्ये झाला. सध्याचा बारावा, त्यावर 8 मार्च 2024 ला सह्या झाल्या आणि तो 1 नोव्हेंबर 2022 पासून लागू धरला. मधल्या महिन्यांची थकबाकी एकरकमी मिळाली. त्यातून युनियनची लेव्ही, म्हणजे करारानंतर घेतलेली वर्गणी, कापली गेली असेल, तर तो घोटाळा नव्हे. तशी पद्धतच आहे.

या करारांत पार्ट-टाइम सफाई कर्मचाऱ्याचा पगार आठवड्याच्या तासांवर ठरतो. 6 ते 13 तास काम असेल तर स्केलचा एक तृतीयांश, 13 च्या वर 19 पर्यंत अर्धा, 19 च्या वर 29 पर्यंत पाऊण, आणि 29 च्या वर गेलं की पूर्ण स्केल. शाखेत यालाच थर्ड स्केल, हाफ स्केल, थ्री-फोर्थ म्हणतात. सहा तासांच्या खाली ठोक रक्कम. बाराव्या करारात सब-स्टाफचं, म्हणजे शिपाई-सफाई कर्मचाऱ्यांचं, बेसिक 19,500 पासून सुरू होऊन 37,815 पर्यंत जातं. म्हणजे थर्ड स्केलची सुरुवात 6,500 ला, हाफची 9,750 ला, थ्री-फोर्थची 14,625 ला. वार्षिक वेतनवाढ आणि डीएही त्याच हिश्शाने. शिपाई पूर्ण स्केलवर, आई थर्डवर. फरक आहे तो एवढाच.

आता यातली गंमत बघा. पूर्णवेळ आठवडा साधारण 39 तासांचा धरला, तर 13 तास म्हणजे बरोबर एक तृतीयांश, 19 म्हणजे जवळजवळ निम्मे आणि 29 म्हणजे पाऊण. प्रत्येक पायरीच्या वरच्या टोकाला हिशेब जवळपास बसतो. त्याच्या खाली जो असेल त्याला तासांच्या मानाने जास्तच मिळतं. आठवड्याला सात तास झाडणाऱ्या बाईलाही तृतीयांश पगार! ज्यांनी हे लिहिलं त्यांनी पार्ट-टाइमवाल्यांच्या बाजूने लिहिलं, असं माझं मत आहे. खोट कागदात नाही, शाखेत आहे. नेमणूक सात-आठ तासांची आणि काम वीस तासांचं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आमच्या शाखेत एक मावशी होत्या, थर्ड स्केलवर. सकाळी साडेआठला यायच्या. झाडणं, पुसणं, संडास धुणं यात दीड तास. मग माठ भरायचे, साहेबांचा चहा आणायचा, टपाल घेऊन पोस्टात जायचं, क्लिअरिंगचे चेक दुसऱ्या शाखेत पोचवायचे. निघेपर्यंत बारा. दिवसाला साडेतीन तास, आठवड्याला एकवीस. कागदावर मात्र त्यांचे तास दहाच. मी विचारलं तेव्हा मॅनेजर म्हणाले, "तिला आम्ही झाडायलाच ठेवलंय, बाकीचं ती आपणहून करते."

आपणहून! चेक घेऊन उन्हात चालायची कोणाला हौस असते? आमच्या कामी आली ती टपाल वही. प्रत्येक फेरीची पोच त्यात होती, समोरच्या शाखेच्या शिक्क्यासकट. दीड वर्षाच्या नोंदींची यादी करून युनियनमार्फत रीजनल ऑफिसला पाठवली, तरी निकाल लागायला दोन वर्षं गेली. मिळालं काय, तर हाफ स्केल, खरं म्हणजे थ्री-फोर्थ मिळायला हवं होतं. मागची थकबाकी सोडायची या अटीवर मी तडजोड केली. मावशी खूश होत्या. मला मात्र ती सही अजून खटकते.

17 टक्क्यांचं म्हणाल, तर ती वाढ बँकांच्या 2021-22 च्या एकूण वेतनखर्चावर आहे, प्रत्येकाच्या स्लिपवर नाही. शिवाय त्यातला मोठा हिस्सा स्पेशल अलाउन्समध्ये घातलाय, जो पेन्शन-ग्रॅच्युइटीच्या हिशेबात धरत नाहीत. गेल्या काही करारांत हेच चाललंय आणि आमच्या संघटनांनी ते मान्य करायला नको होतं, असं मी सभेतही बोललोय. हातात आज पैसे दिसतात, म्हणून कोणी फार ओरडत नाही.

पेन्शन. 1 एप्रिल 2010 पासून लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, एनपीएस आहे, म्हणजे दर महिन्याला पैसे साठवून त्या साठ्यातून मिळणारी पेन्शन. आई 2012 च्या, तेव्हा बेसिक आणि डीएच्या 10 टक्के त्यांचे आणि 14 टक्के बँकेचे जमा व्हायला हवेत. पण बेसिकच तृतीयांश, म्हणून साठाही पूर्ण स्केलवाल्याच्या एक तृतीयांशच जमतो. थर्डवरून हाफवर आज गेलं की फक्त पगार वाढत नाही, निवृत्तीपर्यंतची प्रत्येक महिन्याची भर वाढते. म्हणून हे चार वर्षांनी बघू असं करू नका. एनपीएसचा वार्षिक उतारा मागवून बँकेचे हप्ते दर महिन्याला पडलेत का तेही तपासा.

रजेचं एक, बऱ्याच बायकांना माहीत नसतं. याच करारात महिला कर्मचाऱ्यांना महिन्याला एक दिवस आजारपणाची रजा डॉक्टरच्या दाखल्याशिवाय घेता येते. मॅनेजरने दाखला मागितला तर कराराची प्रत पुढे ठेवा.

आईंचे दहा-बारा तास म्हणजे थर्ड स्केल बरोबरच आहे, जर ते खरंच दहा-बारा असतील. मला शंका आहे. एक महिनाभर त्यांना रोज आल्याची-गेल्याची वेळ आणि झाडण्याखेरीज सांगितलेलं प्रत्येक काम वहीत लिहायला सांगा. लिहिता येत नसेल तर तुम्ही रात्री विचारून लिहा. 13 च्या वर आकडा गेला की ती वही घेऊन शाखा प्रतिनिधीकडे जा. शाखेत प्रतिनिधी नसेल तर बँकेच्या युनियनच्या जिल्हा सचिवाला गाठा. अर्ज लेखीच द्या आणि त्याची पोच घ्या.