मॅक्सिमात अडलास तर

मॅक्सिमा या गणितं सोडवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये काही अडलं, तर नुसतं ‘उत्तर येत नाही’ म्हणू नकोस रे. टाइप केलेली ओळ आणि आलेला मेसेज, दोन्ही जसंच्या तसं पाठव. परवा कॉलेज रोडला चहा घेताना एका मुलीने लॅपटॉप दाखवला, तासभर अडली होती बिचारी. एक्सची किंमत 5 द्यायला तिने बरोबरचं चिन्ह (=) वापरलेलं! मॅक्सिमात त्याने फक्त समीकरण तयार होतं. किंमत द्यायला कोलन (:) लागतो. दिलेली किंमत पुढच्या गणितातही तशीच राहते, म्हणून नवं गणित घेताना ‘किल ऑल’ ही आज्ञा देऊन जुन्या किमती पुसायच्याच. इंटिग्रेशन करताना मॅक्सिमा मध्येच विचारतं, ‘ए धन, ऋण की शून्य?’ ती एरर नाही, उत्तर दे. आणि हो, तिथला लॉग नैसर्गिक असतो, दहाच्या पायाचा नव्हे. तरीही जमलं नाही तर रविवारी लॅपटॉप घेऊन गंगापूर रोडला ये.