३१ आठवड्यांचं बाळ, घर गुहागरकडे, डॉक्टर मुंबईत: तपासण्या व्हिडिओ कॉलवर भागतील का?

ताई, तुमचं बाळ ३१ व्या आठवड्यात जन्मलं, वजन १४५० ग्रॅम होतं. मुंबईहून डिस्चार्ज घेऊन तुम्ही माहेरी गुहागरजवळच्या गावी आलात आणि बाळ आता सहा आठवड्यांचं झालंय. डोळ्यांची एक तपासणी झाली, दुसरीला दोन आठवड्यांनी बोलावलंय. या पावसात एवढा प्रवास नको, म्हणून सगळं व्हिडिओ कॉलवर करता येईल का, असं तुम्ही विचारलंय.

बरंचसं करता येईल. डोळ्यांचं मात्र अजिबात नाही, ती तारीख एक दिवसही पुढे ढकलू नका. मी जिल्ह्यातच नवजात शिशू कक्षात परिचारिका आहे. पावसाळ्यात घरी गेलेली बाळं तपासणीला यायची थांबतात, तेव्हा मला सगळ्यात जास्त धास्ती याच तारखेची असते.

डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या मधून कडेकडे वाढत जातात आणि दिवस भरता भरता कडेला पोचतात. तुमचं बाळ नऊ आठवडे आधी आलं, त्यामुळे ती वाढ अजून चालूच आहे. काही बाळांत ती बिघडते, त्याला आरओपी म्हणतात. वरून डोळा स्वच्छ दिसतो, बाळ उजेडाकडे बघतंसुद्धा, त्यामुळे घरच्यांना कळायला मार्गच नसतो. म्हणून ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळाचे डोळे पहिल्या चार आठवड्यांत तपासतात आणि रक्तवाहिन्या कडेपर्यंत पोचेपर्यंत पुन्हा पुन्हा बघतात. आजार उपचाराच्या टप्प्याला आला, तर लेझर किंवा इंजेक्शन दोन-तीन दिवसांत व्हावं लागतं. ती वेळ हुकली की पडदा सुटून नजर कायमची जाऊ शकते.

कर्नाटकात २००८ पासून किड्रॉप नावाचा उपक्रम चालतो. त्यात प्रशिक्षित तंत्रज्ञ तालुक्या-जिल्ह्याच्या रुग्णालयांत जाऊन खास कॅमेऱ्याने पडद्याचे फोटो काढतात आणि डॉक्टर ते दुरून बघतात. म्हणजे दुरून तपासणी होते, पण तो कॅमेरा बाळाच्या डोळ्याशी न्यावा लागतो. आपल्या मोबाईलचं ते काम नाही. तुम्ही आजच मुंबईच्या डॉक्टरांना फोन करून विचारा, की चिपळूण, रत्नागिरी किंवा कोल्हापूरला आरओपी बघणारे रेटिनाचे डॉक्टर कोण आहेत आणि कुठल्या वारी बसतात. डिस्चार्ज कार्डावर डोळ्यांपुढे जे झोन-स्टेज (आजार पडद्यावर कुठे आणि किती पुढे गेलाय ते) लिहिलंय ते त्यांना वाचून दाखवा, म्हणजे किती घाई आहे ते लगेच सांगतील.

कानांचंही प्रत्यक्षच. बेरा नावाची तपासणी झाली नसेल तर बाळ तीन महिन्यांचं व्हायच्या आत करून घ्या. डोक्याचा घेर, हातापायांचा ताठरपणा, टाळू, हे डॉक्टरांनी हात लावूनच बघायचं असतं.

आता फोनवर काय काय होतं ते सांगते. वजन आठवड्याला एकदा, एकाच काट्यावर, उघड्या अंगाने करा. अंगणवाडीत किंवा उपकेंद्रात काटा असतो. दिवसाला साधारण २० ते ३० ग्रॅम वाढ हवी. बाळ गाढ झोपलेलं असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा आणि आकडा लिहून ठेवा. अंगावर किती वेळा पितं, लघवी किती वेळा होते, तेही लिहा. डॉक्टरांना कॉलवर ‘बरं आहे’ यापेक्षा हे आकडे जास्त उपयोगी पडतात. गावात रेंज जात असेल तर उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांकडून ई-संजीवनी या सरकारी व्हिडिओ सेवेवर डॉक्टरांशी बोलता येतं, मोफत. आशाताई घरी येतील तेव्हा त्यांना कार्ड दाखवाच.

एक तपासणी तर घरच्या व्हिडिओवर फार छान होते. बाळ साधारण पाच महिन्यांचं झालं की (का ते खाली सांगते) त्याला उताणं ठेवा, कपडे कमी, जागं आणि शांत असताना. रडत असेल तर थांबा. मोबाईल वरून धरून दोन-तीन मिनिटं सलग चित्रण करा, खुळखुळा दाखवू नका, बोलू नका. लाइव्ह कॉल अडखळतो, त्यापेक्षा फाइल पाठवा. या वयात बाळाच्या मानेत, मनगटात, घोट्यांत बारीक बारीक हालचाली सतत चालू असतात. त्या दिसत नसतील, तर प्रशिक्षित डॉक्टरांना सेरेब्रल पाल्सीची (मेंदूला इजा झाल्याने हालचाल आणि तोल बिघडतो, त्याची) शंका खूप लवकर घेता येते.

वय मोजताना दोन हिशेब ठेवा. लस जन्मतारखेप्रमाणे, म्हणजे सहा आठवड्यांचे डोस आत्ताच द्यायचे. ‘बाळ अजून लहान आहे’ म्हणून थांबू नका. वाढ मात्र नऊ आठवडे वजा करून बघायची, दोन वर्षांचं होईपर्यंत. म्हणूनच वर पाच महिने म्हटलं, कारण तेव्हा वाढीच्या हिशेबाने त्याचं वय साधारण तीन महिने असेल. शेजारचं बाळ मान धरतं आणि आपलं नाही, यावरून आजीने काळजी केली तर हा हिशेब सांगा. आणि कृपा करून ओवा-वावडिंगाची धुरी, गुटी, नाकात तेल यातलं काही नको. या फुप्फुसांना धूर अजिबात सोसत नाही.

बाळ पिईनासं झालं, अंग गार पडलं, श्वास मिनिटाला ६० च्या वर गेला, छाती आत ओढली जाऊ लागली किंवा झटका आला, तर व्हिडिओ कॉल करत बसू नका, १०८ ला फोन करा.

वर्षाच्या आत एकच हात वापरणं, चार महिन्यांनंतरही मुठी घट्ट, पाय कात्रीसारखे आडवे येणं, असं दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता जिल्हा रुग्णालयात बालविकास तज्ज्ञांना दाखवा. मुलांच्या वाढीतल्या अडचणींसाठी सरकारची जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत, तिथे फिजिओथेरपी मिळते. व्यायाम एकदा समोर बसून नीट शिकून घेतला, की पुढे तो तुम्ही बरोबर करताय का, हे मात्र व्हिडिओवर दाखवून विचारता येतं.