बटाटा बिघडतो तो पाण्यातच

तोंडी लावायला बटाट्याचं काहीतरी करू म्हटलं की सगळ्यांना वाटतं त्यात काय एवढं, आणि मग सगळ्यात जास्त प्रश्न त्याच्यावरच येतात. म्हणून या वेळी फक्त बटाटा घेतलाय. सगळे प्रश्न एकत्र वाचताना एक गोष्ट जाणवली, तुम्ही विचारताय मसाल्याबद्दल आणि तेलाबद्दल पण गडबड बहुतेक ठिकाणी पाण्याची आहे. बटाट्यात मुळातच ८० टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, वर आपण त्याला पाण्यात उकडतो, पाण्यात भिजवतो, पाण्यानं धुतो. ते पाणी कधी हवं आणि कधी नको एवढं कळलं तरी निम्मं काम झालं.

प्रश्न: ताई, मॅश्ड पोटॅटो एकदम गुळगुळीत व्हावेत म्हणून मिक्सरमधून काढले तर अक्षरशः गोंद झाला, चमचा उचलला की तार येते. काय चुकलं आणि आता वाचवता येईल का?

मिक्सर चुकला, बाकी काही नाही. बटाट्याच्या पेशींमध्ये स्टार्चचे कण भरलेले असतात, उकडताना साधारण ६० अंशांच्या पुढे ते पाणी पिऊन टम्म फुगतात. फुगून आपल्या जागी बसलेत तोवर सगळं छान, पण मिक्सरचं पातं फिरलं की पेशी फाटतात, स्टार्च बाहेर येतो आणि तयार होते ती खळ, कपड्यांना घालतात तीच. म्हणून हातानं कुस्करायचं किंवा गरम असतानाच भोकाच्या चाळणीतून दाबून काढायचं, आणि ते पण एकदाच, सारखं सारखं घोटत बसायचं नाही.

मी कसं करते सांगते. सालं काढून ३-४ सेंटीमीटरच्या सारख्या फोडी, गार पाण्यात घालायच्या (उकळत्यात टाकल्या तर बाहेरून विरघळतात आणि आत टणक राहतात), लिटरला १० ग्रॅम मीठ, उकळी आली की आच कमी आणि १५ ते २० मिनिटं. सुरी सहज आत गेली पाहिजे. मग निथळून परत त्याच गरम पातेल्यात टाकायच्या आणि मंद आचेवर एक-दोन मिनिटं हलवत राहायचं, वाफ निघून जाते आणि पातेल्याच्या बुडाला पांढरट पापुद्रा धरायला लागतो, तेव्हा समजायचं की फोडी कोरड्या झाल्या. हे दोन मिनिटांचं काम लोक सोडतात आणि मग मॅश पाणचट लागतो म्हणून बटर वाढवत बसतात. कुस्करल्यावर आधी बटर, किलोला १०० ग्रॅम तरी, आणि ते पूर्ण मुरलं की मगच गरम दूध थोडं थोडं, १५० ते २०० मिली पुरतं. बटर आधी अशासाठी की ते स्टार्चवर लेप धरतं, मग दुधानं चिकटपणा तितकासा वाढत नाही.

झालेली खळ काही परत सुटी होत नाही. पण टाकू नका, पसरट भांड्यात थापा, वर चीझ आणि ब्रेडचा चुरा, २०० अंशांवर वरून खरपूस होईपर्यंत ठेवा. कुणी विचारलं तर असंच करायचं होतं म्हणा.

प्रश्न: रेसिपीत पिठूळ बटाटे घ्या, चिकट बटाटे घ्या असं लिहितात पण विकत घेताना त्यावर काही लिहिलेलं नसतं, ओळखायचं कसं?

मिठाच्या पाण्यात टाकून बघा. ११ वाट्या पाण्यात १ वाटी मीठ विरघळवायचं, त्यात बटाटा सोडायचा. बुडाला तर पिठूळ, तरंगला तर चिकट. पिठूळ बटाट्यात स्टार्च जास्त म्हणून तो जड, सोपं आहे. मॅशला, ओव्हनमध्ये भाजायला, तळायला पिठूळ घ्या. सॅलडला, थर लावायला किंवा जिथे फोड अख्खी दिसायला हवी तिथे चिकट. कोवळे नवे बटाटे बहुतेक चिकटच असतात. आणि हातात आहे तो कुठला हे नाहीच कळलं तर निदान आता उकडून झाल्यावर कडा बघा, भुसभुशीत होऊन सुटत असतील तर सॅलडचा नाद सोडा आणि कुस्करून टाका.

प्रश्न: ओव्हनमध्ये भाजलेले बटाटे कुरकुरीत होतच नाहीत. तेल दुप्पट केलं, तापमान वाढवलं, तरी सादळल्यासारखेच!

तेल दुप्पट करून तेलकट सादळलेले मिळाले असतील, हो ना? कुरकुरीतपणा तेलाच्या प्रमाणावर नाही, फोडीच्या वरच्या थरावर ठरतो. वरचा थर ओला असेल तर तिथलं तापमान १०० अंशांच्या वर जातच नाही कारण पाणी आधी उडावं लागतं, आणि खरपूस रंग आणि तो भाजका वास चांगला यायला १४० अंश तरी लागतात. म्हणजे ओला बटाटा ओव्हनमध्ये भाजला जात नाही, वाफवला जातो.

तर करायचं असं. २ लिटर पाण्यात मीठ आणि अर्धा चहाचा चमचा खायचा सोडा. सोड्यानं पाणी अल्कधर्मी होतं आणि फोडींना बाहेरून धरून ठेवणारं पेक्टिन लवकर सुटतं, कडा मऊ पडतात. मोठ्या फोडी १० मिनिटं उकळायच्या, निथळायच्या, चाळणीतच दोन-तीन मिनिटं वाफ जाऊ द्यायची. मग तेल आणि मीठ घालून पातेलं झाकण लावून चांगलं खडखडवायचं, जपून नाही, जोरात, प्रत्येक फोडीवर पिठासारखा ओबडधोबड लेप आला पाहिजे. तो लेपच नंतर कुरकुरीत होतो. ट्रे आधीच ओव्हनमध्ये तापवून ठेवा, २२० अंश, आणि पहिली २० मिनिटं हात लावू नका. फोड ट्रेला चिकटलीये म्हणजे ती अजून तयार नाही, झाली की आपणच सुटते. उलटून आणखी २० ते ३० मिनिटं.

आणि गर्दी नको हो. मी एकदा बारा माणसांचे बटाटे एकाच ट्रेमध्ये कोंबले होते, दीड तास ओव्हनसमोर उभी राहिले आणि शेवटी वाढले ते उकडलेले बटाटे, तेलात भिजवलेले. दोन फोडींमध्ये बोटभर जागा हवीच, नाही तर एकीची वाफ दुसरीला लागते. एअर फ्रायरला पण हेच, २०० अंशांवर एकच थर, मधून हलवत.

लसूण मात्र सुरुवातीला घालायची नाही, करपून कडू होते. शेवटच्या पाच मिनिटांत किंवा बाहेर काढल्यावर.

प्रश्न: घरच्या फ्राइज दोन मिनिटांत काळपट होतात आणि आतून कच्च्या. तेल पण बदलून पाहिलं. बटाटे ताजेच असतात, फ्रिजमध्ये ठेवते.

ते फ्रिजमध्ये ठेवते वाचलं आणि उत्तर मिळालं. थंडीत, म्हणजे ६-७ अंशांच्या खाली, कच्चा बटाटा आपल्याच स्टार्चची साखर करायला लागतो, ती साखर गरम तेलात भराभर तपकिरी होते, आत शिजायच्या आधीच. चवही गोडसर लागते. शिवाय तळताना-भाजताना ॲक्रिलामाइड नावाचं नको असलेलं रसायन तयार होतं ते पण अशा बटाट्यात जास्त, म्हणून रंग सोनेरी असतानाच काढायचं, गडद होऊ द्यायचं नाही. बटाटे अंधारात, हवा खेळेल असे, गार जागी ठेवा पण फ्रिजमध्ये नको. आहेत ते आठवडाभर बाहेर राहू द्या, बरीचशी साखर कमी होते.

तळताना: बोटाएवढ्या जाड कापून गार पाण्यात अर्धा तास, वरचा स्टार्च आणि साखर निघून जाते. मग कोरड्या करा. खरंच कोरड्या, फडक्यात गुंडाळून टिपून, ओल्या टाकल्या तर तेल अंगावर येईल. पहिल्यांदा १५० अंशांवर पाच-सहा मिनिटं, रंग न येता फक्त शिजू द्यायच्या, काढून गार करायच्या, मग १८५-१९० वर दोन-तीन मिनिटं. दोनदा तळायचा कंटाळा येत असेल तर सरळ ओव्हनमध्ये करा, एकदाच तळून दोन्ही साधत नाही.

प्रश्न: टोमॅटो सॉसमध्ये कच्च्या फोडी टाकून तासभर शिजवल्या तरी टणकच. बटाटे खराब होते का?

बटाटे चांगले होते, आंबटपणा नडला. वर सोड्याचं सांगितलं ना, त्याच्या बरोबर उलट, आम्ल असलं की पेक्टिन सुटतच नाही. आधी अर्धेअधिक उकडून घ्या, मग सॉसमध्ये. हीच गोष्ट सॅलडला मात्र उपयोगी पडते, उकडायच्या पाण्यात लिटरला एक चमचा व्हिनेगर घाला, फोडी मोडत नाहीत आणि उकडल्यावर काही बटाटे करडे-काळपट पडतात ते पण होत नाही. आणि सॅलडचं ड्रेसिंग दोनदा घालायचं, गरम फोडींवर व्हिनेगर-मीठ शिंपडायचं म्हणजे आत मुरतं, मेयोनीज पूर्ण गार झाल्यावरच, नाही तर ते फुटून नुसतं तेल सुटतं.

प्रश्न: दूध-क्रीममध्ये चकत्यांचे थर लावून बेक करते, पण दूध फाटतं, खाली पाणी साचतं आणि मधले थर कच्चे.

तुम्ही चकत्या धुताय का? बहुतेक हो. फ्राइजला धुवायचं आणि इथे नाही, इथे तोच स्टार्च दूध दाट करतो आणि फाटण्यापासून वाचवतो पण. २-३ मिलिमीटरच्या चकत्या कापून लगेच दुधात टाका म्हणजे काळ्या पडणार नाहीत. किलोभर बटाट्याला ६०० मिली, निम्मं दूध निम्मं क्रीम, नुसतं पातळ दूध घेतलं तर फाटणारच कारण त्यात फॅट कमी. मीठ, मिरपूड, ठेचलेली लसूण घालून गॅसवर ८-१० मिनिटं हळू उकळू द्या, तळाला लागेल म्हणून हलवत राहा, दाट झालं की भांड्यात पसरा आणि १६० अंशांवर ४५ मिनिटं. घाईनं २०० केलं की फाटलं. चीझ शेवटची १५ मिनिटं. बाहेर काढल्यावर १५ मिनिटं तसंच राहू द्या, लगेच कापलं तर सगळं वाहतं, घरच्यांना कितीही भूक लागलेली असू दे.

प्रश्न: सूप खारट झालं तर कच्चा बटाटा टाकला की मीठ शोषून घेतो ना?

नाही. तो खारट पाणी जसंच्या तसं पितो, उरलेलं तेवढंच खारट. पाणी किंवा दूध वाढवा.

प्रश्न: हिरवट झालेले, कोंब आलेले बटाटे चालतात का?

हिरवा रंग स्वतः निरुपद्रवी आहे, ते क्लोरोफिल. पण ज्या उजेडानं ते येतं त्यानंच सोलानीनसारखी विषारी द्रव्यंही वाढतात आणि ती उकडून-तळून जात नाहीत. थोडासा हिरवा डाग किंवा एखादा बारीक कोंब असेल तर आजूबाजूचं जाड कापून काढा. बराच हिरवा असेल, सुरकुतलेला असेल किंवा चव कडवट लागली तर टाकून द्या, काटकसर इथे नको.

प्रश्न: उकडलेले बटाटे उरले तर दुसऱ्या दिवशी काय करायचं? पुन्हा गरम केले की छान लागत नाहीत.

गरम करू नका, परता. शिजलेला स्टार्च गार झाला की घट्ट होतो, म्हणून शिळा उकडलेला बटाटा किसता येतो, कापला तर मोडत नाही, आणि रात्रभरात त्याचं वरचं पाणीही सुकलेलं असतं. दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा, झाकण न लावता (शिजलेले चालतात, नको ते कच्चे). फॉइलमध्ये भाजलेला असेल तर फॉइल काढूनच ठेवायचा, गुंडाळलेला बाहेर तासन्‌तास ठेवला तर आत हवा न लागता घातक जंतू वाढू शकतात.

दुसऱ्या दिवशी जाड किसणीवर किसून मीठ-मिरपूड घाला, जड तव्यात बटर आणि थोडं तेल तापवून थापा, मध्यम आच, ८ मिनिटं अजिबात हलवू नका, कडेनं सोनेरी दिसलं की ताटलीवर उलटं करून परत सरकवा. माझ्याकडे हल्ली बटाटे मुद्दाम जास्त उकडले जातात.