वाळू, चिकणमाती आणि शिशाचा हिशेब

प्रश्न : एकाच खाडीतला दोन जागांचा गाळ तपासून घेतला. कोरड्या गाळाच्या किलोमागे शिसे एका जागी १८ मिलिग्रॅम, दुसऱ्या जागी ५२. दुसरी जागा तिप्पट प्रदूषित म्हणायची का?

उत्तर : एवढ्यावरून नाही. पहिला नमुना रेताड आणि दुसरा चिकण आहे का, ते आधी पाहा. धातू चिकटतात ते बारीक कणांना, त्यांच्यावरच्या लोहाच्या ऑक्साइडच्या पापुद्र्याला आणि सेंद्रिय पदार्थांना. वाळू म्हणजे बहुतांशी क्वार्ट्झ. ती नुसती भर घालते आणि आकडा पातळ करते.

यावर उपाय दोन. एक, ६३ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळलेला भागच तपासायचा. चाळणी नायलॉनची हवी. पितळेच्या चाळणीतून तांबे आणि जस्त नमुन्यात उतरते. चाळताना त्याच जागेचे समुद्राचे पाणी वापरावे.

दुसरा, शिशाला ॲल्युमिनियमने भागायचे. ॲल्युमिनियम मुख्यतः चिकणमातीच्या खनिजांत असते, म्हणून ते बारीक कणांचे माप ठरते. समजा रेताड नमुन्यात ॲल्युमिनियम २ टक्के निघाले आणि चिकण नमुन्यात ६.५. मग १८ भागिले २ म्हणजे ९, आणि ५२ भागिले ६.५ म्हणजे ८. तिप्पट फरक गेला कुठे? तो कणांच्या आकाराचा होता.

मात्र इथेच पुष्कळ जण फसतात. ॲल्युमिनियम सिलिकेटच्या जाळीत अडकलेले असते आणि आम्लराजात (हायड्रोक्लोरिक आणि नायट्रिक आम्लांच्या मिश्रणात) ते पुरते सुटत नाही. एकूण प्रमाण हवे तर हायड्रोफ्लोरिक आम्ल घालून टेफ्लॉनच्या बंद भांड्यात पाचन करावे, म्हणजे नमुना पुरता विरघळवावा लागतो. (हे आम्ल काच खाते आणि कातडीतून आत शिरते, कॅल्शियम ग्लुकोनेटचे जेल हाताशी असल्याशिवाय बाटली उघडू नये.) एका जागेचा आकडा आम्लराजाचा आणि दुसरीचा एकूण पाचनाचा असेल, तर तुलना सोडूनच द्या.

पाराही मोजायचा असेल, तर नमुना १०५ अंशांवर वाळवू नका, पारा उडतो. शीतशुष्कन करा, म्हणजे गोठवून निर्वातात वाळवा. ओलाव्यासाठी वेगळा हिस्सा काढून तोच १०५ अंशांवर ठेवा.

प्रश्न : काळ्या, उग्र वासाच्या गाळात पीसीबी (क्लोरीनयुक्त औद्योगिक प्रदूषके) शोधतो आहे. इलेक्ट्रॉन कॅप्चर डिटेक्टरच्या (अशी संयुगे टिपणाऱ्या उपकरणाच्या) आलेखावर सुरुवातीलाच भलामोठा उंचवटा येतो आणि पुढची शिखरे बुडतात.

उत्तर : तो बहुधा गंधक. प्राणवायू नसलेल्या गाळात मूलद्रव्य रूपातला गंधक भरपूर असतो आणि हेक्झेन-ॲसिटोनच्या अर्कात सरळ उतरतो. तांब्याचे चूर्ण विरल हायड्रोक्लोरिक आम्लात लखलखीत होईपर्यंत धुवा, मग पाणी, ॲसिटोन, हेक्झेन अशा क्रमाने धुऊन अर्कात टाका. चूर्ण काळे पडले की आणखी घाला. नवे घातलेले चकचकीत राहिले, म्हणजे गंधक संपला. त्याच अर्कात हेप्टाक्लोर हे कीटकनाशकही मोजणार असाल तर तांबे नको, त्याने हेप्टाक्लोर मोडते.

प्राप्ती (घातलेल्यापैकी किती परत मिळाले ते) तपासायचे संयुग निष्कर्षणाआधीच, म्हणजे अर्क काढण्याआधीच, गाळात मिसळा. अर्कात नंतर घातले तर आकडा छान येतो, पण निष्कर्षणात काय गळाले ते कळत नाही.