पानिपतावरील अस्सल साधने कशी शोधावीत?

पानिपतच्या 1761 च्या लढाईवर लघुप्रबंध लिहिताना प्राथमिक आणि दुय्यम साधने कशी शोधावीत, असे आपण विचारले आहे. सुरुवात दफ्तरखान्यापासून न करता त्र्यंबक शंकर शेजवलकर यांच्या ‘पानिपत : 1761’ या ग्रंथापासून करावी, असे मी सुचवेन. हा ग्रंथ दुय्यम साधन खरा, पण त्यातील विधाने कोणत्या पत्रांवर उभी आहेत हे वहीत टिपत गेल्यास मूळ साधनांची यादी आपोआप तयार होते.

त्या यादीतील बरीचशी पत्रे छापील मिळतात. वि. का. राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा 1898 चा पहिला खंड 1750 ते 1761 या काळातील पत्रांचाच आहे, आणि गो. स. सरदेसाई यांनी संपादित केलेल्या पेशवे दफ्तराच्या 45 खंडांतही पानिपताची पत्रे आहेत. ही पत्रे देवनागरीत छापलेली असल्यामुळे मोडी लिपी येत नाही म्हणून अभ्यास अडत नाही.

मात्र पत्राची तारीख स्वतः लावावी. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असे लिहिलेले दिसले, तर तो शुहूर सन (मराठेशाहीच्या पत्रांत अरबी संख्यानामांनी लिहिले जाणारे वर्ष) 1161 होय. हे वर्ष मृगापासून सुरू होते, त्यामुळे मृग ते डिसेंबर या काळासाठी त्यात 599 आणि जानेवारीपासून पुढील मृगापर्यंत 600 मिळवावे लागतात. लढाई 14 जानेवारी 1761 ची. येथे एक चुकला की पत्र लढाईच्या वर्षभर मागे किंवा पुढे जाऊन पडते. माझ्याकडून ही चूक झाली होती आणि त्यावर रचलेले एक संपूर्ण प्रकरण मला पुन्हा लिहावे लागले.

बखरींबाबत अधिक विचार करावा. ‘भाऊसाहेबांची बखर’ सैन्याच्या हालचालींसाठी पत्रांइतकी भरवशाची नाही. पण पानिपताचा घाव मराठी समाजाने कसा सांभाळला, हा आपला प्रश्न असेल, तर तीच बखर अस्सल साधन ठरते. अवधचा नवाब शुजाउद्दौला याच्या पदरी असलेल्या काशीराज पंडिताचा फारसी वृत्तान्त प्रत्यक्षदर्शीचा असला, तरी तो सुमारे वीस वर्षांनी लिहिलेला आहे, म्हणून त्यातील प्रत्येक तपशील समकालीन पत्रांशी ताडून पाहावा.

पुण्याच्या पुराभिलेखागारातील रुमाल (कापडात बांधलेले मूळ कागदांचे गठ्ठे) उघडण्याची वेळ यानंतर येते. तेथे जाण्यापूर्वी मोडी वाचनाचा रोजचा सराव ठेवावा, कारण मोडीत शब्द तोडून लिहिलेले नसतात आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो.