बेसिनखालचा जाळीचा पाईप फुटायच्या आधी कसा ओळखायचा?

तुमचा फ्लॅट 8 वर्षांचा आहे. वरच्या मजल्यावर बेसिनखालचा पाईप फुटला आणि त्यांच्या घरातलं पाणी तुमच्या छतातून उतरलं. तुमचे पाईप बाहेरून चकचकीत दिसतात आणि मे महिन्यात तुम्ही गावी जाणार आहात. पाईप बदलावेत का, आणि खराब झालेला ओळखायचा कसा, असं विचारलंय.

बदला. बिल्डरने बसवलेले मूळ पाईप असतील तर एकही ठेवू नका. मी ठाणे-डोंबिवली भागात प्लंबिंगची कामं करतो आणि या एका वस्तूसाठी प्रत्येक गिऱ्हाइकाच्या मागे लागतो. दोन-तीनशे रुपयांच्या पाईपापायी किचनच्या ट्रॉल्या फुगतात, लाकडी फ्लोअरिंग उखडतं आणि खालच्या घराशी कायमचं वाकडं येतं, हे फार वेळा बघितलंय.

आपण ज्याला कनेक्शन पाईप म्हणतो त्याच्या आत रबराची किंवा पीव्हीसीची नळी असते. तिच्यावर तारेची विणलेली जाळी आणि दोन्ही टोकांना नट. नटाच्या मागे एक धातूची टोपी असते, ती जाळी आणि नळी दोन्ही दाबून धरते. पाणी नळीतून वाहतं, पण दाब झेलते ती जाळी. सायकलच्या ट्यूबचं काम टायरशिवाय होत नाही, तसंच हे. दोन-चार तारा तुटल्या की त्या फटीतून रबराला फुगा येतो आणि एक दिवस तो फुटतो. बऱ्याचदा आधी थेंबही गळत नाही. म्हणून 'गळायला लागला की बदलू' हा हिशेब इथे चालत नाही.

दाब किती असतो तेही सांगतो. पाण्याच्या 10 मीटर उंचीला साधारण 1 किलो प्रेशर, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला 1 किलोचा दाब. टाकी बाराव्या मजल्याच्या वर गच्चीत आणि तुम्ही दुसऱ्या मजल्यावर असाल तर 3 किलोच्या आसपास दाब त्या पाईपावर रात्रंदिवस असतो, कारण अँगल कॉक, म्हणजे भिंतीतून पाईपाला पाणी देणारी छोटी तोटी, आपण कधी बंदच करत नाही. नळ बंद केला की पाणी थांबतं, पाईपातला दाब थांबत नाही. बूस्टर पंप लावला असेल तर आणखी भर. रात्री इमारतीत कुणी पाणी वापरत नसतं तेव्हा दाब पूर्ण चढलेला असतो, त्यामुळे पाईप बऱ्याचदा नेमका सगळे झोपेत असताना जातो. मिनिटाला 10 लिटर धरले तरी तासाला 600 लिटर पाणी घरात येतं.

आता तपासणी. मोबाईलचा टॉर्च घेऊन बेसिनखाली आडवे व्हा आणि पाईपाचा मधला भाग सोडून थेट टोकं बघा. जिथे जाळी टोपीत शिरते तिथलं पहिलं बोटभर अंतर, तिथेच सगळं कळतं. तांबूस ठिपका, हिरवट-पांढरी पावडर, जाळीची विस्कटलेली वीण, वर आलेलं तारेचं टोक, यातलं काहीही दिसलं तर तो पाईप गेला. नजरेला काही दिसलं नाही तर कापसाचा बोळा पूर्ण पाईपावरून फिरवा. तुटलेल्या तारेला कापूस लगेच अडकतो. बोट फिरवू नका, तार सुईसारखी घुसते. पाईप टोपीपाशीच काटकोनात वळवून बसवला असेल किंवा मध्ये पिळला गेला असेल, तर तो वरून नवा दिसला तरी मी बदलतो.

जाळी गंजते कशाने? बोअरचं खारं पाणी हे एक कारण, समुद्राची हवा दुसरं. कोकणात आणि गोव्यात पाईप शहरापेक्षा लवकर जातात. पण तिसरं कारण आपण स्वतः बेसिनखाली नेऊन ठेवतो: लादी धुवायचं ॲसिड, टॉयलेट क्लीनर आणि ब्लीचिंग पावडर. झाकण घट्ट वाटलं तरी वाफ निघत राहते. बंद कपाटात ती थेट त्या बारीक तारांवर बसते आणि चांगलं 304 दर्जाचं स्टेनलेस स्टीलसुद्धा पोखरते. या बाटल्या आजच तिथून हलवा, पाईप नंतर बदललात तरी चालेल.

विकत घेताना एका गोष्टीत लोक हमखास फसतात. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतो, चिकटत नाही, म्हणजे अस्सल एसएस (स्टेनलेस स्टील). पण ॲल्युमिनियमच्या जाळीलाही चुंबक चिकटत नाही, आणि स्वस्त पाईपांत तीच असते. उलट खऱ्या 304 ची तार ओढून बारीक करताना तिच्यात थोडं चुंबकत्व येऊ शकतं. त्यामुळे ती परीक्षा सोडून द्या. पाईप हातात घ्या. ॲल्युमिनियमचा हलका लागतो, जाळी मऊ आणि फिकट दिसते, कोरड्या पांढऱ्या कपड्याने जोरात घासलात तर काळपट डाग उतरतो. नट पितळेचा हवा, प्लास्टिकचा नको. आतल्या नळीसाठी ईपीडीएम रबर, म्हणजे गरम पाणी सोसणारं कृत्रिम रबर, मागा. गिझरला तर हे विचारल्याशिवाय घेऊच नका, कारण पीव्हीसीची नळी गरम पाण्याने मऊ पडते.

लांबी मोजून घ्या. 18 इंची आणि 24 इंची सहज मिळतात. ताणून बसेल असा आखूड नको आणि गुंडाळी करावी लागेल असा लांबही नको. दोन पाईप निपल (दोन्ही बाजूंना आटे असलेला जोडतुकडा) लावून जोडायचं कुणी सुचवलं तर सरळ नाही म्हणा.

बसवणं अवघड नाही, पण आधी घराचा मेन कॉक बंद करा आणि मगच अँगल कॉकला हात लावा. 8 वर्षं न फिरवलेला अँगल कॉक कधी जाम झालेला असतो, तर कधी फिरवल्यावर दांडीतून गळायला लागतो. मग नळ उघडून पाईपातलं पाणी सोडा, खाली बादली ठेवा आणि जुना पाईप काढा. जुना वॉशर नळाच्या किंवा कॉकच्या तोंडाला चिकटून राहिलाय का ते बोटाने चाचपून बघा. तो तसाच राहिला आणि वर नवा बसला तर कितीही आवळलंत तरी गळणार. वॉशरवाल्या नटाला टेफ्लॉन टेप लागत नाही. तिथे पाणी वॉशर अडवतो, आटे नाही. नट हाताने पूर्ण फिरवा, मग पान्याने फार तर अर्धा फेरा, आणि त्या वेळी दुसऱ्या हाताने पाईप धरून ठेवा म्हणजे तो पिळला जाणार नाही. जोर लावून आवळलेले नट पुढे तडकतात, म्हणून ताकद दाखवणाऱ्या माणसाच्या हातात पाना देऊ नका. कॉक हळूहळू उघडा, जोडावर वर्तमानपत्राचा तुकडा गुंडाळा आणि तासाभराने बघा. कागदावर ओल लगेच दिसते. शेवटी पाईपाला चिकटपट्टी लावून तिच्यावर तारीख लिहा. माझ्या मते 5 वर्षांनी बदलावा, खारं पाणी असेल तर त्याआधीच.

घरात असे पाईप किती, याचा अंदाज सहसा चुकतो. बेसिन, सिंक, फ्लशची टाकी, गिझरचे दोन, वॉशिंग मशीन, आणि कमोडजवळचा जेट. या जेटबद्दल जरा जास्त सांगतो. त्याची वरची चमकदार स्प्रिंग नुसतं कव्हर असते, जाळीसारखी ताकद तिच्यात नसते. आतली नळी तशी नाजूकच, आणि आपण खालचा कॉक उघडा ठेवून फक्त जेटची कळ सोडतो, म्हणजे चोवीस तास पूर्ण दाब त्या नळीवर. प्रत्येक वापरानंतर खालचा कॉक बंद करायची सवय घरातल्या सगळ्यांना लावा, मुलांनाही. वॉशिंग मशीनच्या नळालाही हेच लागू.

गावी जाण्यापूर्वी मेन कॉक बंद करायचा आहेच, पाईप नवे असले तरीही. पण बऱ्याच इमारतींत एका फ्लॅटला दोन-तीन लाईन येतात: किचनची वेगळी, बाथरूमची वेगळी, काही ठिकाणी पिण्याच्या पाण्याची आणखी वेगळी. कॉक कधी डक्टमध्ये (इमारतीचे पाईप जातात त्या उभ्या पोकळीत) असतात, कधी गच्चीत टाकीजवळ. कुठला कोणाचा हे सोसायटीत पाणी सोडणाऱ्या माणसाला पक्कं माहीत असतं, त्याला बरोबर घ्या. निघायच्या दिवशी घाईत नको, आठवडाभर आधीच बंद करून घरातला प्रत्येक नळ उघडून बघा. एखाद्या नळातून बारीक धार चालूच राहिली तर तो कॉक पूर्ण बसत नाही. मग तो बदलायला तुमच्या हातात वेळ राहील.